आरोग्य माहिती प्रणालीसाठी वैद्यकीय संज्ञावली आणि ऑन्टॉलॉजी कशी उभारावी : नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

रुग्णालयाची संगणकीय नोंदप्रणाली सुरू होते, तेव्हा निदानाचा रकाना बहुधा मोकळा सोडलेला असतो आणि डॉक्टरांनी त्यात हवे ते लिहावे अशी सोय असते. काही महिन्यांत त्या रकान्यात ‘एमआय’, ‘हार्ट अटॅक’, ‘हृदयविकाराचा झटका’, ‘जुना एमआय’ अशा नोंदी शेजारीशेजारी दिसू लागतात. रुग्णाला समोर बसवून नोंद वाचणाऱ्या डॉक्टरांचे त्यामुळे काही अडत नाही. अडते ते गेल्या वर्षीचे रुग्ण मोजायला बसलेल्या माणसाचे, कारण ‘एमआय’ म्हणजे हृदयस्नायूचा इन्फार्क्ट, म्हणजे हृदयविकाराचा झटका, असू शकतो, तशीच हृदयातील मायट्रल झडपेची गळतीही असू शकते, आणि ‘जुना एमआय’ असलेला रुग्ण यंदाच्या झटक्यांमध्ये धरायचा नसतो.

ही गुंतागुंत सोडवण्याचे काम, म्हणजे प्रत्येक संकल्पनेला ठरलेले नाव आणि कोड देणारी संज्ञावली आणि संकल्पनांमधील नाती यंत्राला समजतील अशी मांडणारी ऑन्टॉलॉजी उभारण्याचे काम, तुमच्याकडे आले असेल, तर पुढील टप्पे उपयोगी पडतील. या कामातून गेल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे : सॉफ्टवेअर निवडणे हा यातला सोपा भाग आहे, प्रत्येक संकल्पनेच्या अर्थाची सीमा ठरवणे आणि ती अनेक वर्षे न हलवता जपणे हा अवघड भाग आहे. वेळ, माणसे आणि पैसा यांची वाटणी त्याच हिशेबाने करा.

हाताशी काय असावे

कागदपत्रांपैकी पुढील गोष्टी पहिल्या बैठकीपूर्वीच मिळवून ठेवा.

• प्रणालीतील सर्व फॉर्मांची यादी, आणि प्रत्येक फॉर्ममधील कोणत्या रकान्यात मोकळा मजकूर नको, कोड हवा आहे याची नोंद.
• जुन्या नोंदींमधील शब्दांचा उतारा, प्रत्येक शब्द किती वेळा आला त्या आकड्यासह. रुग्णाची ओळख पटेल असा सर्व तपशील त्यातून आधीच काढलेला असावा.
• प्रयोगशाळेची तपासण्यांची संपूर्ण सूची : नमुना कशाचा, एकक कोणते, पद्धत कोणती आणि निकाल आकड्यात येतो की शब्दांत.
• औषधांची सूची : घटकद्रव्य, मात्रा आणि औषधाचे रूप यांसह.
• संस्थेला बाहेर पाठवावे लागणाऱ्या अहवालांचे नमुने.
• वापरायच्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा परवाना आणि त्याची संपादकीय मार्गदर्शिका.

साधने फारशी लागत नाहीत. ऑन्टॉलॉजी लिहिण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेले ‘प्रोटेजे’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. तार्किक तपासणीसाठी त्याला ‘एल्क’ किंवा ‘हर्मिट’ हे रीझनर, म्हणजे लिहिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढणारे प्रोग्राम, जोडता येतात. संज्ञा शोधून देणारा सर्व्हर म्हणून ‘स्नोस्टॉर्म’ किंवा ‘हापी फायर’ यांसारखे मुक्त स्रोतातील पर्याय आहेत. प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारी ‘गिट’सारखी व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून असावी.

माणसांमध्ये निदान लिहिणारा डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतील तज्ज्ञ, वैद्यकीय कोडिंग करणारी व्यक्ती आणि तर्कशास्त्राची जाण असलेला एक माहितीतज्ज्ञ हवा. केवळ संगणक विभागाने किंवा केवळ डॉक्टरांनी बनवलेल्या याद्या फार काळ टिकलेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

१. उत्तर द्यायचे प्रश्न आधी लिहून काढा

संज्ञांची यादी करण्यापूर्वी, ही यादी तयार झाल्यावर प्रणालीने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत ते साध्या वाक्यांत लिहा. ‘मधुमेह असलेल्या, पण वर्षभरात एचबीए१सी ही रक्तातील साखरेची तपासणी न झालेल्या रुग्णांची यादी मिळाली पाहिजे’, ‘पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदवलेल्या रुग्णाला अमॉक्सिसिलिन लिहिले, तर इशारा मिळाला पाहिजे’ अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. दुसऱ्या प्रश्नाकडे जरा थांबून पाहा. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातील औषध आहे, ही गोष्ट प्रणालीला कुठेतरी सांगितलेली असल्याशिवाय तो इशारा येणार नाही. म्हणजे नुसती औषधांची यादी इथे अपुरी आहे, त्यांच्यातील नातीही लागणार आहेत, हे प्रश्न लिहिल्यामुळेच कळते.

कोणत्याही प्रश्नाच्या उत्तरासाठी लागत नाही अशी संकल्पना सध्या बाजूला ठेवा. ‘आपण संपूर्ण वैद्यकशास्त्र व्यापू’ या उत्साहात सुरू झालेले प्रकल्प शरीररचनेच्या विभागातच अडकतात.

२. वर्गीकरण, संज्ञावली आणि ऑन्टॉलॉजी यांपैकी काय हवे ते ठरवा

नवख्या माणसाचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

वर्गीकरण हे मोजण्यासाठी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या वर्गीकरणाची परंपरा १८९३ मध्ये झाक बर्तियाँ यांनी मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीपर्यंत मागे जाते, आणि मृत्यूची आकडेवारी करताना एक मृत्यू दोन ठिकाणी मोजला जाऊ नये ही गरज तिच्या रचनेत मुरलेली आहे. त्यामुळे आयसीडी-१० मध्ये प्रत्येक आजाराला एकच जागा मिळते. फुफ्फुसाचा क्षयरोग हा संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणात, ए१५ ते ए१९ या गटात आहे. फुफ्फुसाचा कर्करोग गाठींच्या प्रकरणात सी३४ येथे आहे. श्वसनसंस्थेच्या आजारांच्या ‘जे’ प्रकरणात यांपैकी काहीच नाही. ‘जे’ने सुरू होणारे सर्व कोड मोजले की फुफ्फुसांचे सर्व रुग्ण मिळाले, असे समजणाऱ्याच्या हातून क्षयरोग आणि कर्करोग दोन्ही निसटतात.

संज्ञावली ही नोंदवण्यासाठी असते. रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांना जे म्हणायचे आहे ते त्याच बारकाव्याने लिहिता यावे, हा तिचा हेतू. स्नोमेड सीटी ही त्यातील सर्वांत मोठी. अमेरिकेतील स्नोमेड आरटी आणि ब्रिटनमधील क्लिनिकल टर्म्स यांच्या एकत्रीकरणातून ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. प्रयोगशाळेच्या तपासण्यांसाठी रीगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून विकसित केलेली लॉइंक ही सूची आहे, आणि एककांसाठी यूसीयूएम.

ऑन्टॉलॉजी म्हणजे संकल्पनांमधील नाती तर्काच्या भाषेत अशी लिहिणे, की त्यावरून यंत्राला नवे निष्कर्ष काढता यावेत. फुफ्फुसाचा क्षयरोग हा फुफ्फुसाचा आजारही आहे आणि संसर्गही आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानणे तिथे शक्य होते.

या तिघांना प्रतिस्पर्धी समजू नका. चांगल्या प्रणालीत डॉक्टर संज्ञावलीतून नोंद करतात, प्रश्नांची उत्तरे ऑन्टॉलॉजीच्या आधारे निघतात आणि बाहेर जाणारा अहवाल वर्गीकरणात रूपांतरित होतो. डॉक्टरांना थेट आयसीडीच्या कोडमध्ये निदान लिहायला लावणे हा अनेकांना सोपा वाटणारा मार्ग आहे. पण त्यात नोंदीतला बारकावा जातो आणि तो पुन्हा मिळवता येत नाही.

३. जे उपलब्ध आहे ते घ्या, आणि परवाना वाचा

नवी संज्ञावली शून्यातून बनवण्याचे सबळ कारण क्वचितच असते. आधी आपल्या यादीतील शंभरेक सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संज्ञा घेऊन त्या उपलब्ध प्रमाणांमध्ये सापडतात का ते पाहा. बहुसंख्य सापडतील. उरलेल्यांपैकी काही खरोखर तुमच्या वैद्यकशाखेपुरत्या असतील आणि तेवढ्याच तुम्हाला बनवायच्या आहेत. स्नोमेड सीटीमध्ये अशा भरीसाठी ‘एक्स्टेन्शन’ची सोय असून, तुमच्या संस्थेची ओळख सांगणारा सात अंकी नेमस्पेस क्रमांक मिळाल्यावर तुमच्या संकल्पनांचे क्रमांक जगात इतर कोणाच्याही क्रमांकांशी टक्कर घेत नाहीत.

परवान्यांचे नियम एकसारखे नाहीत. लॉइंक मोफत आहे, पण तिच्या अटी स्वीकाराव्या लागतात. स्नोमेड सीटी सदस्य देशांत विनाशुल्क वापरता येते, इतरत्र परवान्याच्या अटी वेगळ्या आहेत. आयसीडी-११ चा मजकूर मुक्त परवान्याखाली असला, तरी त्यात फेरफार करून तो प्रसिद्ध करण्यास त्या परवान्याची मुभा नाही. हे सर्व सॉफ्टवेअर तयार झाल्यावर वाचण्याचा मजकूर नव्हे.

४. प्रत्यक्ष वापरातील शब्द गोळा करा

येथे पाठ्यपुस्तकापेक्षा जुन्या नोंदी अधिक उपयोगी असतात. शब्दांची वारंवारितेनुसार यादी केली, की मोजक्या शब्दांनीच नोंदींचा मोठा भाग व्यापलेला दिसतो. काम तेथून सुरू करा. संक्षेप, चुकीची स्पेलिंग, बोलीतील रूपे, काहीही टाकून देऊ नका. पुढे शोधयंत्रात डॉक्टर तेच टंकणार आहेत, म्हणून ती समानार्थी रूपे म्हणून ठेवायची आहेत.

५. शब्दांकडून संकल्पनांकडे जा

आता प्रत्येक शब्दासमोर एकच प्रश्न विचारायचा : हा शब्द लिहिणाऱ्याला नेमके काय म्हणायचे होते? एका संकल्पनेला अनेक शब्द चालतात. पण एका संकल्पनेचे अनेक अर्थ चालत नाहीत. १९९८ मध्ये जेम्स सिमिनो यांनी वैद्यकीय संज्ञावल्यांकडून असलेल्या अपेक्षा मांडल्या, त्यांतही संकल्पनेला केंद्रस्थान देणे ही मूलभूत अट होती, आणि आजही नव्या संज्ञावलीची परीक्षा घेताना मी त्या अपेक्षांची यादी समोर ठेवतो.

प्रत्येक संकल्पनेसाठी तीन गोष्टी लिहा. पहिली म्हणजे पूर्ण आणि निःसंदिग्ध नाव, जे एकटे वाचले तरी अर्थ कळेल. त्यात संक्षेप नसावा. दुसरी म्हणजे पडद्यावर दिसणारे रूढ नाव. तिसरी म्हणजे एक-दोन वाक्यांची व्याख्या, जिच्यात काय समाविष्ट आहे आणि काय नाही हे दोन्ही असेल. स्नोमेड सीटीमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी कंसात प्रकार लिहितात : आजार, आढळलेले लक्षण, प्रक्रिया, शरीररचना असा. ही शिस्त उचलण्यासारखी आहे, कारण ‘बायॉप्सी’ हा शब्द कोणी प्रक्रियेसाठी वापरतो, तर कोणी काढलेल्या नमुन्यासाठी.

वेगवेगळ्या भाषांमधील नावे एकाच संकल्पनेला जोडा. प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र संकल्पना बनवू नका. रुग्णाला समजेल असे नाव आणि डॉक्टरांचे नाव यांनाही हेच लागू आहे.

एक सापळा लक्षात ठेवा : ‘इतर’ आणि ‘अन्यत्र न नोंदवलेले’. सोय म्हणून ही जागा ठेवण्याचा मोह होतोच. पण ‘इतर’चा अर्थ त्याच्या शेजारी काय आहे यावर ठरतो, आणि शेजारी नवी संकल्पना आली की ‘इतर’चा अर्थ कोणाला न सांगता बदलतो. २०२० मध्ये कोविड-१९ साठी आयसीडी-१० मध्ये यू०७.१ हा तातडीचा कोड आला, त्याआधी हा आजार सामान्य किंवा अवशिष्ट गटांतच नोंदवता येत होता. तोच गट त्या तारखेपूर्वी आणि नंतर मोजणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी मोजाव्या लागतात. वर्गीकरणाला ‘इतर’ टाळता येत नाही. संज्ञावलीला येते. तेथे वरच्या पातळीवरील सर्वसाधारण संकल्पना निवडून सोबत मोकळा मजकूर लिहिण्याची सोय द्या आणि तो मजकूर नियमितपणे वाचा, कारण पुढच्या आवृत्तीत कोणत्या संकल्पना हव्यात हे तोच सांगतो.

६. कोड अर्थहीन ठेवा, आणि एकदा दिलेला कोड पुन्हा कोणाला देऊ नका

कोडमध्ये माहिती भरण्याची इच्छा सर्वांनाच होते : पहिले दोन अंक शरीरसंस्थेचे, पुढचे दोन अवयवाचे, असे काहीतरी. सुरुवातीला ते नीटनेटके दिसते. पुढे एका अवयवाखाली शंभरावा आजार येतो आणि जागा संपते, किंवा एखादा आजार वेगळ्या गटात जायला हवा असे वैद्यकशास्त्राला कळते, आणि कोड खोटे बोलू लागतो. म्हणून कोड हा निव्वळ क्रमांक असावा. स्नोमेड सीटीमध्ये मधुमेहाचा क्रमांक ७३२११००९ आणि टाइप २ मधुमेहाचा ४४०५४००६ आहे. दोघांमधील नाते क्रमांकांवरून कळत नाही आणि ते कळावे अशी अपेक्षाही नाही, कारण ते नाते स्वतंत्रपणे लिहिलेले असते.

शेवटचा अंक तपासणीचा ठेवला, तर टंकताना झालेली चूक लगेच पकडली जाते. स्नोमेड सीटी आणि लॉइंक दोन्हींत अशी सोय आहे.

कोड संगणकात साठवताना तो नेहमी मजकूर म्हणून साठवा, संख्या म्हणून नव्हे. स्नोमेड सीटीचे क्रमांक १८ अंकांपर्यंत लांब असू शकतात, तर एक्सेल संख्येचे १५ अंकच अचूक ठेवते आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये भरते. कोडच्या सुरुवातीची शून्येही तेथे गळून पडतात. जावास्क्रिप्टमध्येही ९००७१९९२५४७४०९९१ या संख्येच्या पुढे पूर्णांकांची अचूकता जाते. ही पडझड कोणताही इशारा न देता होते, म्हणून ती उशिरा लक्षात येते. जनुकांच्या नावांचे रूपांतर स्प्रेडशीट परस्पर तारखांमध्ये करते, या त्रासामुळे २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावेच बदलण्यात आली, हे या संदर्भात सांगण्यासारखे आहे.

एखादी संकल्पना चुकीची किंवा दुहेरी ठरली, तर ती पुसू नका. निष्क्रिय करा, कारण लिहा आणि तिच्या जागी कोणती वापरायची तो दुवा द्या. जुन्या रुग्णांच्या नोंदींमध्ये तो कोड राहणारच आहे आणि त्याचा अर्थ कोणीतरी कधीतरी शोधणार आहे.

७. उतरंड आणि तार्किक व्याख्या लिहा

उतरंडीतील, म्हणजे कोणती संकल्पना कोणत्या संकल्पनेच्या खाली येते त्या रचनेतील, प्रत्येक जोडीला ही चाचणी लावा : ‘प्रत्येक अमुक हा तमुक असतोच का?’ उत्तर निरपवाद ‘हो’ असेल, तरच ‘अमुक’ला ‘तमुक’च्या खाली ठेवा. ‘प्रत्येक टाइप २ मधुमेह हा मधुमेह असतो’ हे बरोबर. ‘प्रत्येक मधुमेही पायाची जखम हा मधुमेह असतो’ हे चूक; ती मधुमेहामुळे होते, आणि ‘मुळे’ हे नाते वेगळे आहे.

‘प्रकार आहे’ आणि ‘भाग आहे’ यांची सरमिसळ ही सर्वांत चिवट चूक. बोट हा हाताचा भाग आहे, हाताचा प्रकार नव्हे. बोटाला झालेली जखम ही हाताला झालेली जखम म्हणून मोजणे योग्य आहे. पण बोटाचे विच्छेदन हे हाताचे विच्छेदन म्हणून मोजले, तर अहवाल भयंकर होईल. आजार आणि प्रक्रिया यांच्या बाबतीत ‘भाग’ हे नाते सारखे वागत नाही. म्हणूनच स्नोमेड सीटीच्या शरीररचनेत ‘संपूर्ण हात’ आणि ‘हाताची कोणतीही संरचना’ यांसाठी वेगळ्या संकल्पना ठेवल्या आहेत. तुमच्या यादीत विच्छेदन, प्रत्यारोपण किंवा अवयव काढण्याच्या शस्त्रक्रिया असतील, तर ही काळजी अवश्य घ्या.

शक्य तेथे उतरंड हाताने रचण्याऐवजी व्याख्येतून निघू द्या. ‘जिवाणूजन्य न्यूमोनिया’ची व्याख्या ‘असा न्यूमोनिया, ज्याचा कारक जिवाणू आहे’ अशी लिहिली आणि ‘जिवाणूजन्य आजार’ ही संकल्पनाही तशीच व्याख्येने लिहिली, तर पहिली दुसरीच्या खाली येते हे रीझनर स्वतः शोधतो. एका संकल्पनेचे तीन-चार पालक, म्हणजे थेट वरच्या संकल्पना, असणे येथे स्वाभाविक आहे. हाताने रचलेल्या मोठ्या उतरंडीत असे काही पालक निसटतातच.

भाषा म्हणून ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या ओडब्ल्यूएल २ या प्रमाणित भाषेची ‘ईएल’ ही मर्यादित आवृत्ती निवडा. तिच्यात लिहिलेल्या लाखो संकल्पनांचे वर्गीकरणही रीझनर व्यवहार्य वेळेत करतो; स्नोमेड सीटी याच घराण्यातील तर्कावर चालते. तिची किंमत अशी की, तिच्यात ‘नाही’ लिहून व्याख्या करता येत नाही. ‘ताप नसलेला खोकला’ हवा असेल, तर तो नोंदीच्या पातळीवर दाखवावा लागतो. शिवाय या तर्कात न लिहिलेली गोष्ट खोटी मानली जात नाही, केवळ अज्ञात मानली जाते. डेटाबेसची सवय असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

रीझनर प्रत्येक बदलानंतर चालवा आणि निघालेले निष्कर्ष डॉक्टरांना दाखवा. तर्कदृष्ट्या निर्दोष, पण वैद्यकीयदृष्ट्या हास्यास्पद असा निष्कर्ष त्यांना क्षणात दिसतो, आणि मूळ व्याख्येत काय राहून गेले ते त्यावरून समजते.

८. संज्ञा कुठे संपते आणि फॉर्म कुठे सुरू होतो, ते ठरवा

‘आईला मधुमेह होता’ ही नोंद दोन प्रकारे करता येते. कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात ‘मधुमेह’ हा कोड लिहा, किंवा सर्वसाधारण रकान्यात ‘मधुमेहाचा कौटुंबिक इतिहास’ हा कोड लिहा. दोन्ही चालतील, मात्र कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात ‘मधुमेहाचा कौटुंबिक इतिहास’ हा कोड आला की अर्थ दुहेरी होतो, आणि ‘मधुमेह’ हा कोड शोधणाऱ्या प्रश्नाने रकाना न पाहता मोजणी केली, तर निरोगी मुलगा मधुमेही ठरतो. नकार, संशय आणि ‘पूर्वी होता’ या तिन्ही बाबतीत हीच अडचण येते. ‘ॲलर्जी नाही’, ‘ॲलर्जी विचारली नाही’ आणि रिकामा रकाना या तर तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक रकान्यासाठी यातील कोणता मार्ग घ्यायचा हे लिहून ठेवा आणि ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या हातात द्या. माझ्या पाहण्यातील सर्वांत खर्चिक दुरुस्त्या याच सीमेवर कराव्या लागल्या आहेत, आणि त्यांचा दोष सहसा संज्ञावलीवर टाकला जातो.

९. मॅपिंग करताना दिशा आणि हेतू लिहा

जुने स्थानिक कोड प्रमाणित कोडशी जोडणे म्हणजे मॅपिंग. ते कशासाठी आहे हे न लिहिता सुरू केले, तर दोन माणसे दोन प्रकारे करतात आणि दोघांचेही बरोबर असते.

प्रयोगशाळेचे उदाहरण घेऊ. सूचीत ‘ग्लुकोज’ असे लिहिलेले असते. लॉइंकमध्ये तपासणी सहा अंगांनी ओळखली जाते : काय मोजले, त्याचा कोणता गुण मोजला, कोणत्या काळासाठी, कशात मोजले, निकालाची मोजपट्टी कोणत्या प्रकारची, आणि गरज असल्यास पद्धत. सीरम किंवा प्लाझ्मामधील ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिले जात असेल, तर कोड २३४५-७. तेच मिलिमोल प्रति लिटरमध्ये असेल, तर १४७४९-६. एक मिलिमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, त्यामुळे चुकीच्या कोडखाली आलेला ५.५ हा आकडा एका पद्धतीत सामान्य आणि दुसऱ्यात प्राणघातक ठरतो. सूचीत नमुना आणि एकक लिहिलेले नसेल, तर अंदाज करू नका. प्रयोगशाळेत जाऊन विचारा.

प्रत्येक जोडीसोबत तिचे नाते नोंदवा : अर्थ तंतोतंत तोच आहे, लक्ष्य अधिक व्यापक आहे, की अधिक संकुचित आहे. व्यापक लक्ष्याकडे केलेले मॅपिंग उलट दिशेने वापरता येत नाही. संकुचित लक्ष्य निवडणे अधिक धोक्याचे, कारण डॉक्टरांनी न म्हटलेली माहिती त्यातून रुग्णाच्या नोंदीत शिरते.

काही मॅपिंगला केवळ जोडी पुरत नाही, नियम लागतो. ‘वंध्यत्व’ ही नोंद आयसीडी-१० मध्ये नेताना रुग्ण पुरुष असेल तर एन४६ आणि स्त्री असेल तर एन९७ असा निर्णय घ्यावा लागतो, म्हणजे नोंदीतील लिंगाचा रकाना वाचल्याशिवाय कोड ठरत नाही.

दोन माणसांनी एकमेकांचे न पाहता मॅपिंग करावे आणि मतभेद तिसऱ्याने सोडवावेत, ही पद्धत संथ असली तरी सोडू नका. दोघांचे कितपत जुळले ते ‘कापा’ (kappa) या सांख्यिकी मापाने काढता येते. पण आकड्यापेक्षा मतभेद कुठे झाले ते पाहणे उपयोगी, कारण बहुतेक वेळा तेथे मूळ संज्ञाच संदिग्ध निघते. जुळणी सुचवणारी स्वयंचलित साधने, भाषिक प्रारूपांसह, उमेदवार कोड शोधण्यासाठी जरूर वापरा. निर्णय मात्र त्यांच्यावर सोपवू नका. शब्द सारखे दिसणे आणि अर्थ तोच असणे यांतला फरक ती आत्मविश्वासाने चुकवतात.

१०. प्रत्येक रकान्यासाठी व्हॅल्यू सेट तयार करा

लाखो संकल्पनांची यादी कोणाही डॉक्टरांसमोर ठेवता येत नाही. कोणत्या रकान्यात कोणते कोड चालतील, हे ठरवणाऱ्या छोट्या संचाला व्हॅल्यू सेट म्हणतात. तो दोन प्रकारे बनतो : कोड एकेक करून लिहून, किंवा ‘मधुमेह आणि त्याचे सर्व प्रकार’ असा नियम देऊन. रक्तगटासारख्या स्थिर गोष्टींसाठी यादी बरी. आजारांसाठी नियम बरा, कारण नवा प्रकार आला की तो आपोआप आत येतो. त्याच कारणाने नियमासोबत संज्ञावलीची आवृत्तीही लिहून ठेवा, नाहीतर गेल्या वर्षीचा अहवाल यंदा पुन्हा काढल्यावर आकडा वेगळा येईल आणि का आला हे कोणाला सांगता येणार नाही.

आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीची प्रमाणे ठरवणाऱ्या एचएल७ संस्थेच्या ‘फायर’ या प्रमाणात कोडसूची, व्हॅल्यू सेट आणि मॅपिंग या तिन्हींसाठी ठरलेली रचना आहे. संच उलगडणे, कोड वैध आहे का ते तपासणे, एक संकल्पना दुसरीच्या खाली येते का ते विचारणे, या क्रियाही तिच्यात ठरलेल्या आहेत. स्वतःची वेगळी रचना शोधण्यात वेळ घालवू नका.

११. आवृत्ती प्रसिद्ध करा आणि देखभालीची व्यवस्था लावा

पहिली आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी टप्पा १ मधील प्रश्न प्रत्यक्ष प्रणालीला विचारा आणि आलेली उत्तरे हाताने वाचलेल्या नोंदींशी ताडून पाहा. ज्या डॉक्टरांनी यादी बनवण्यात भाग घेतला नव्हता, त्यांच्याकडून काही नोंदी करून घ्या. पहिल्या काही अक्षरांत हवी ती संज्ञा सापडली नाही, तर ते जवळची कोणतीही निवडतात आणि पुढे जातात, हे तुम्हाला तेव्हाच दिसेल.

त्यानंतरची व्यवस्था लेखी असावी : बदलाची मागणी कोणी आणि कुठे करायची, निर्णय कोण घेणार, किती दिवसांत घेणार, आणि नाकारलेल्या मागणीचे कारण कुठे नोंदवले जाणार. स्नोमेड सीटीची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आता दर महिन्याला निघते आणि लॉइंकच्या वर्षातून दोन आवृत्त्या येतात. तुम्ही प्रत्येक आवृत्ती घेतलीच पाहिजे असे नाही, पण किती काळाने घेणार हे आधी जाहीर करा. नवी आवृत्ती घेताना सर्वप्रथम तिच्यात निष्क्रिय झालेल्या संकल्पनांची यादी काढा. ती तुमच्या व्हॅल्यू सेट, मॅपिंग, इशाऱ्यांचे नियम आणि साठवलेले अहवाल यांच्याशी तपासा, आणि जेथे एका जुन्या संकल्पनेच्या जागी दोन नव्या सुचवल्या असतील, तेथे निवड संगणकावर न सोडता त्या विषयाच्या डॉक्टरांकडे पाठवा.